मणिबेली आणि ‘बरोबरीने’ : पर्यावरणीय मंजुरीच्या भाषेचे एक वाचन

मराठी वाचकाला शूलपाणीची झाडी प्रथम भेटते ती नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत या पुस्तकांना आपल्याकडे मोठा वाचकवर्ग आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात या झाडीचे एक ठरीव चित्र असते. घनदाट रान, तीरकामठे घेतलेले ‘मामा’, परिक्रमावासीयाची लूट, आणि ही मैयाचीच परीक्षा असे मानून पुढे निघालेला तो लुटला गेलेला माणूस. माझ्याही मनात हेच चित्र होते. खानदेशातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागले तेव्हा कळले की ही झाडी आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा जिल्हा धुळे होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. ती झाडी पाण्याखाली जाऊ लागली आहे, हेही त्याच सुमारास कळले.

त्याच रानाचे दुसरे वर्णन सरकारी तक्त्यात सापडते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची एकूण बुडीत जमीन ९,५९९ हेक्टर. पैकी खाजगी १,५१९, नदीपात्र व इतर १,५९२, आणि वनजमीन ६,४८८ हेक्टर. महाराष्ट्राने या धरणासाठी जी जमीन दिली तिच्यातली दोन-तृतीयांश वन होती. तिन्ही राज्यांचे मिळून १३,३८५ हेक्टर वन बुडाले, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या महाराष्ट्राचा. शेतजमीन बुडाली ती मुख्यतः मध्य प्रदेशात, निमाडच्या काळ्या मातीत. जंगलाचा मोठा वाटा आपला. नर्मदेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण ही गोष्ट त्या लेखनात कुठेतरी कडेला राहिली असे मला वाटते. विस्थापित माणसाची हकिगत सांगता येते, त्याला नाव असते, तो बोलतो. जंगलाची हकिगत हेक्टरांत येते आणि वाचक पान उलटतो.

तिसरे वर्णन मणिबेलीचे. अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव महाराष्ट्रातल्या ३३ बुडीत गावांपैकी धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे, म्हणून पाणी आधी इथे आले. १९९३च्या पावसाळ्यात इथली पहिली घरे पाण्यात गेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ याच परिसरातले. तेही जलाशयाखाली गेले आणि नवे देऊळ गुजरातेत गोरा इथे उभे राहिले. इथल्या वसावे आणि तडवी कुटुंबांच्या लेखी झाडी म्हणजे मोहाची फुले, चारोळी, डिंक, बांबू, गुरांचा चारा, घराचे सागवानी खांब आणि आजारपणातली मुळी. तक्त्यातल्या ‘वनजमीन’ या रकान्यात यातले काहीही येत नाही. त्यातच अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, जिला या भागात नेवाड म्हणतात, तीही सरकारदप्तरी वनच.

मी कायद्याची अभ्यासक नाही. मजकूर वाचणे हा माझा व्यवसाय. कवितेत एखादा शब्द काय काम करतो, काय झाकतो, कोणाच्या तोंडी येतो, हे वर्गात पंचवीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर तीच सवय घेऊन मी सरदार सरोवराचे मंजुरीपत्र, न्यायनिवाडा आणि आनुषंगिक कागद वाचायला बसले. हा लेख त्या वाचनाचा आहे. पर्यावरणाचे कायदे निसर्ग वाचवतात का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मणिबेलीइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, कारण इथे कायदा गैरहजर नव्हता. तो होता, कागदावर होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी चढले.

*

१९८७ साली भारतात पर्यावरणाचा कायदा नव्हता, असा एक सोयीचा समज आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ आणले होते आणि वने व वन्यजीव राखणे हे राज्याचे आणि नागरिकाचेही काम ठरवले होते. १९८०चा वन (संवर्धन) अधिनियम होता, ज्याने केंद्राच्या परवानगीवाचून वनजमीन दुसऱ्या कामाला देणे बंद केले. भोपाळनंतर आलेला १९८६चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम होता. नव्हते ते एवढेच, की प्रकल्पाआधी त्याच्या परिणामांचे मूल्यांकन करण्याची कायदेशीर सक्ती नव्हती. ती आली २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने, आणि जनसुनावणी आणखी तीन वर्षांनी. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे कसा वापरावा मला कळत नाही) की अधिसूचना निघाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९९४मध्ये, धरणाचे तळातले दरवाजे बंद झाले.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाचे मंजुरीपत्र २४ जून १९८७चे. एकाच पत्रात नर्मदासागर आणि सरदार सरोवर या दोन्ही धरणांना मंजुरी आहे. पत्र छोटे आहे आणि माझ्या मते आपल्या प्रशासकीय गद्याचा एक अभ्यासण्याजोगा नमुना आहे. त्याच्या पूर्वार्धात कोणकोणती माहिती हवी होती त्याची यादी येते. पुनर्वसनाचा आराखडा, पाणलोट क्षेत्राचा उपचार, पर्यायी वनीकरण, लाभक्षेत्र विकास, वनस्पती आणि प्राण्यांचे सर्वेक्षण, आसपासच्या प्रदेशाची धारणक्षमता, भूकंपाची शक्यता, आरोग्य. मग पत्र स्वतःच सांगते की प्रत्यक्ष पाहणी अजून पूर्ण व्हायची आहे, माहितीचा पहिला हप्ता आला आहे आणि उरलेली १९८९मध्ये देण्याचे आश्वासन मिळाले आहे. यानंतर वाचकाची अपेक्षा असते की ‘म्हणून निर्णय १९८९पर्यंत थांबवण्यात येत आहे’ असे वाक्य येईल. येते ते उलटे. सर्व संबंधित बाबी विचारात घेऊन मंजुरी देण्यात येत आहे, असे पत्र म्हणते.

अटी चार. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने पर्यावरणरक्षणाचे उपाय बांधकामाच्या बरोबरीने आखले व राबवले जातील हे पाहावे. सर्वेक्षणे ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे व्हावीत आणि तपशील मंत्रालयाला मिळावा. पाणलोट उपचार आणि पुनर्वसन जलाशय भरण्याआधी पुरे व्हावे. आणि कामाच्या प्रगतीची माहिती मंत्रालयाला वेळोवेळी कळवत राहावी.

यातला ‘बरोबरीने’ मी मुद्दाम निवडला आहे. मूळ पत्रात तिथे लॅटिन शब्दप्रयोग आहे, ‘पारी पासू’, पावलाला पाऊल लावून. नर्मदेच्या सगळ्या कागदांवर पुढची तीस वर्षे या दोन शब्दांचे राज्य आहे. पुनर्वसनाचे अहवाल, प्राधिकरणाच्या बैठका, न्यायालयातली प्रतिज्ञापत्रे, जिकडे पाहावे तिकडे ‘पारी पासू’. ऐकायला तो न्याय्य वाटतो. भिंत एक पाऊल चढेल, रक्षणाचे काम एक पाऊल चढेल. पण जरा थांबून पाहिले तर यादीतल्या निम्म्या गोष्टी बरोबरीने करताच येत नाहीत. झाडे लावणे, बांध घालणे, वसाहतीत हातपंप बसवणे ही कामे बरोबरीने होतील. वनस्पती-प्राण्यांचे सर्वेक्षण कसे होईल? सर्वेक्षण करायचे ते बुडवावे की नाही हे ठरवण्यासाठी. भिंतीबरोबर चाललेले सर्वेक्षण म्हणजे बुडणाऱ्या मालाची नोंदवही. मंत्रालयाने ज्ञान आणि उपाय या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दाखाली आणल्या, आणि त्या शब्दाने निर्णयाआधीच्या प्रश्नांना निर्णयानंतरची कामे करून टाकले.

दुसरे व्याकरणाचे. चारही अटींत ‘न झाल्यास’ नाही. उपाय बरोबरीने न झाल्यास बांधकाम थांबेल, १९८९मध्ये माहिती न आल्यास मंजुरी रद्द समजली जाईल, असे एकही वाक्य नाही. आपल्या घरमालकाच्या साध्या भाडेकरारातही ‘न दिल्यास’ असते. राहिली चौथी अट, माहिती कळवत राहावी. ही मात्र पाळणे अवघड नाही, कारण काम झाले नाही हे कळवले तरी ती पाळली जाते.

*

वनखात्याची मंजुरी ८ सप्टेंबर १९८७ची, वन (संवर्धन) अधिनियमाखाली. मणिबेलीच्या दृष्टीने हा कागद अधिक महत्त्वाचा, कारण त्याचा इतिहास नंदुरबारच्या नकाशावर आजही दिसतो. या मंजुरीत एक स्वच्छ अट होती : विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वनजमीन वापरली जाणार नाही. वाचताना बरे वाटते. एक जंगल बुडवायचे आणि बुडालेल्यांना बसवायला दुसरे तोडायचे, हे कायद्याला मान्य नाही असे ती अट सांगते.

आता दुसरीकडे पाहू. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा डिसेंबर १९७९चा निवाडा सांगत होता की ज्याची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी. जमिनीला जमीन. हे तत्त्व आपल्या देशात धरणग्रस्तांसाठी इतक्या ठळकपणे प्रथमच आले आणि ते चांगलेच होते. पण महाराष्ट्र सरकारपाशी तळोद्याच्या सपाटीवर द्यायला जमीन कुठे होती? होते ते जंगल. म्हणून राज्याने केंद्राकडे मागणी केली आणि १९९० साली केंद्राने तळोदा वनातली २,७०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली. पुढे १९९४मध्ये आणखी १,५०० हेक्टर. सोमावल, रोझवा या वसाहती याच जमिनीवर वसल्या. म्हणजे कागदावर महाराष्ट्राचे ६,४८८ हेक्टर जंगल गेले. प्रत्यक्षात त्यात ४,२०० हेक्टर मिळवायला हवेत. शिवाय तळोद्याचे ते ‘वन’ रिकामे नव्हते. तिथे स्थानिक आदिवासींची नेवाडे होती. त्यांना उठवून त्यांच्या जागी पाण्याने उठवलेले आदिवासी बसवायचे होते. दोन्ही बाजूंचे लोक भिल्ल, दोघांच्याही हातात कागद नाही, आणि मधे वन वाचवण्याचा कायदा.

या सगळ्यात कोणी एक माणूस खलनायक शोधू नये असे मला वाटते. तळोद्याची जमीन सोडवून घेणारा अधिकारी बहुधा विस्थापितांचे भलेच करत होता. अडचण अशी की वनाच्या अटीला कोणी दावेदार नव्हता. न्यायाधिकरणाचा निवाडा विस्थापिताच्या हाती हक्क देत होता आणि तो हक्क मागायला हजारो माणसे उभी होती. वनाची अट मंत्रालयाने घातली, मंत्रालयाने शिथिल केली. बाहेरच्या कोणाला विचारण्याची गरजच नव्हती.

आणि पर्यायी वनीकरण? गुजरातेने त्यासाठी निवडलेल्या जमिनीचा मोठा भाग कच्छमधला. सातपुड्याच्या उतारावरचे पानझडी रान, त्यात साग, मोह, बांबू आणि अस्वलांचा वावर. त्याच्या बदल्यात कच्छच्या कोरड्या जमिनीवर रोपे. हेक्टराला हेक्टर जुळले. कवितेचा अनुवाद करताना ओळींची संख्या जुळली म्हणून कविता आली असे कोणी म्हणत नाही. वनखात्याच्या हिशेबात मात्र वनाचा अनुवाद असाच होतो, आणि २०१६च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याने या पद्धतीला स्वतंत्र खजिनाच मिळाला.

*

मणिबेलीचे नाव जगात गेले ते या सुमारास. जागतिक बँकेने १९८५ साली या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. १९९१मध्ये बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली. जून १९९२च्या त्यांच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष ठरवला आणि बँकेने मागे पाऊल घ्यावे असे सुचवले. मोर्स आणि त्यांचे सहकारी टॉमस बर्जर यांनी ‘पारी पासू’वर नेमका आक्षेप घेतला : माहितीच नसताना उपाय कशाचे आखणार? मार्च १९९३मध्ये भारत सरकारने कर्जाचे उरलेले हप्ते नाकारले. त्याच वर्षी बँकेने आपले तपासणी मंडळ स्थापन केले. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे अशी मागणी करणारा जाहीरनामा १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांच्या सह्यांनी निघाला आणि त्याला नाव दिले गेले ‘मणिबेली जाहीरनामा’. अक्कलकुवा तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले गाव असे वॉशिंग्टनच्या टेबलावर पोचले.

या जाहीरनाम्याबद्दल माझी भावना संमिश्र आहे. तो परिणामकारक ठरला. पुढे जागतिक धरण आयोग बसला, त्यावर मेधा पाटकर सदस्य होत्या, आणि नोव्हेंबर २०००मध्ये आलेल्या त्याच्या अहवालामागे अशा दबावाचा वाटा निश्चित होता. पण मजकूर म्हणून तो बँकेला उद्देशून लिहिलेला आहे. भरपाईचा निधी, कर्जाच्या अटी, स्वतंत्र तपासणी, ही त्याची भाषा. गावाचे नाव शीर्षकात आहे, गावाचे रान आत शोधावे लागते. मंजुरीपत्र निघाले त्याच १९८७ साली आमच्याच भागातले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. त्यातली ‘स्टेज’ ही कविता अनेकांनी वाचली असेल. आदिवासींचे दुःख मंचावरून दुसरेच सांगत असतात, असा तिचा अनुभव आहे. जाहीरनामा वाचताना मला ती कविता आठवली. जाहीरनामा लिहिणाऱ्यांच्या हेतूवर मला मुळीच शंका नाही.

*

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २०००चा. नर्मदा बचाओ आंदोलनाची याचिका १९९४ची. मध्ये धरणाचे काम काही वर्षे ८० मीटरच्या आसपास थांबले होते. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. बी. एन. कृपाल आणि सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांनी बांधकामाला परवानगी दिली, न्या. एस. पी. भरुचा यांनी वेगळे मत दिले. (तिघेही कधी ना कधी सरन्यायाधीश झाले, म्हणजे हे मतभेद तोलामोलाच्या माणसांतले होते.)

बहुमताचा निकाल पर्यावरणाबाबत दोन पावले टाकतो. पहिले, १९८७च्या मंजुरीला १९९४मध्ये आव्हान देणे हा उशीर आहे. दुसरे अधिक तत्त्वाचे. चार वर्षांपूर्वी याच न्यायालयाने वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले होते : हानी होणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रकल्पवाल्याची. बहुमताने म्हटले की ते तत्त्व प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना लागू, कारण तिथे हानी किती हे अज्ञात असते. धरण हा प्रदूषक उद्योग नव्हे, त्याचे परिणाम ज्ञात आहेत, आणि ज्ञात परिणामांवर उपाय करता येतात. पर्यावरणात बदल होईल म्हणून तो विनाशच असे धरून चालता येणार नाही.

युक्तिवाद म्हणून हा बांधेसूद आहे. पण तो ज्या ‘ज्ञात’ या शब्दावर उभा आहे त्याची १९८७च्या पत्राशी गाठ घाला. ज्या परिणामांची पाहणी पूर्ण झालेली नाही असे मंजुरी देणारे मंत्रालयच लिहून ठेवते, ते परिणाम तेरा वर्षांनी ज्ञात कसे झाले? धरणे पूर्वी बांधली आहेत म्हणून धरणांचे परिणाम ज्ञात, हे सर्वसाधारण ज्ञान झाले. मणिबेलीच्या उतारावर काय होते हे त्यातून कळत नाही.

न्या. भरुचा यांचे मत मी तीनदा वाचले, आणि माझ्या मते आपल्या पर्यावरणविषयक गद्यातले ते एक महत्त्वाचे पान आहे. ते मंजुरीपत्र शब्दशः वाचतात. पत्रच म्हणते की माहिती नाही. मग सर्व बाबी विचारात घेतल्या हे त्यातलेच वाक्य खरे कसे, असा त्यांचा साधा प्रश्न. त्यांचा निष्कर्ष असा की १९८७ची मंजुरी आवश्यक अभ्यासांशिवाय दिली गेली, म्हणून १९९४च्या अधिसूचनेनुसार तज्ज्ञ समितीने प्रकल्पाचे मूल्यांकन करावे आणि तोवर पुढचे बांधकाम थांबवावे. एवढा खर्च झाला, एवढी भिंत झाली, या कारणाने पर्यावरण धोक्यात घालता येणार नाही, हेही ते सांगतात. एक वाचक म्हणून मला त्यांची पद्धत आपली वाटते. त्यांनी बाहेरून मूल्य आणले नाही, कागदातली विसंगती कागदालाच दाखवली.

इथे एक आठवण. अमेरिकेत १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीतले जवळजवळ पूर्ण झालेले टेलिको धरण एका बोटभर माशासाठी थांबवले होते. संकटग्रस्त प्रजातींचा कायदा स्पष्ट होता आणि न्यायालयाने तो स्पष्टपणे वाचला. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने त्या धरणाला कायद्यातून सूट दिली आणि नोव्हेंबर १९७९मध्ये, आपला नर्मदा निवाडा येण्याच्या थोडे आधी, जलाशय भरू लागला. कायदा कितीही धारदार असला तरी राज्यकर्ते त्याला वळसा घालतात, असे यातून म्हणता येईल. पण मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. तिथे धरण बांधायला मासा नको असे लोकप्रतिनिधींना उघड म्हणावे लागले. आपल्याकडे कोणालाच काही म्हणावे लागले नाही. ‘बरोबरीने’ या शब्दाने ते काम केले.

*

माझ्या या वाचनावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या गावांना नर्मदेचे पाणी पोचले, हे खरे आहे. महाराष्ट्राला सिंचनाचे पाणी अगदीच थोडे, पण १,४५० मेगावॉटच्या वीजनिर्मितीत २७ टक्के वाटा ठरला आहे. तहानेसमोर अस्वलाचे काय घेऊन बसलात, असे एका सहकाऱ्याने मला विचारले होते. तिला मी एवढेच म्हटले की पाणी द्यावे की नाही हा माझा प्रश्नच नाही. काय देऊन पाणी घेतले याची मोजदाद करण्यासाठी कायदा होता, आणि ती मोजदाद झाली नाही. धरण हवेच असे मोजून ठरले असते तर निदान तळोद्याचे जंगल वाचवण्याचा विचार आधी झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. न्यायालयाने २०००मध्ये प्रत्येक टप्प्याला पुनर्वसन आणि पर्यावरण अशा दोन्ही उपगटांची संमती आवश्यक ठरवली. मग संरक्षण नव्हते कसे म्हणता? पुढचा इतिहास पाहावा. उंची वाढत गेली : ९० मीटर, ९५, १००, ११०.६४, आणि २००६मध्ये १२१.९२. जिथे जिथे देशात वाद पेटला, उपोषणे झाली, केंद्रीय मंत्री पाहणीला खोऱ्यात गेले (त्या तिघांत आपले पृथ्वीराज चव्हाणही होते), तिथे विषय पुनर्वसनाचा होता. पर्यावरणाच्या अटीपायी भिंत अडून राहिली, असे या क्रमात मला कुठे दिसले नाही. आणि २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयानेच नेमलेल्या देवेंद्र पांडे समितीने अहवाल दिला की पाणलोट उपचार, लाभक्षेत्र विकास, वन्यजीव, आरोग्य अशा बाबतींत काम बांधकामाच्या फार मागे आहे. मंजुरीला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. १२ जून २०१४ रोजी १३८.६८ मीटरपर्यंत दरवाजे बसवायला परवानगी मिळाली, जून २०१७मध्ये ते बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला.

दरवाजे बंद होण्याच्या महिनाभर आधी, मे २०१७मध्ये, मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला जिवंत व्यक्ती मानण्याचा ठराव केला होता. यावर मी काही लिहीत नाही.

हे सारे जुने झाले, आता २००६ची सुधारित अधिसूचना आहे, २०१०पासून हरित न्यायाधिकरण आहे, असे म्हणणाऱ्यांनी अलीकडचा एक खटला पाहावा. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी, काम आधी आणि पर्यावरणीय मंजुरी मागाहून, ही पद्धत बेकायदा ठरवली. अवघ्या सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, दोन विरुद्ध एक अशा मतांनी तो निकाल मागे घेण्यात आला, न्या. उज्ज्वल भुयान यांनी वेगळे मत नोंदवले. बहुमताला चिंता होती ती उभ्या राहिलेल्या बांधकामांची आणि झालेल्या खर्चाची. २००० साली न्या. भरुचा यांनी नाकारलेला युक्तिवाद नेमका हाच. वनहक्क कायदा २००६चा. त्याने ग्रामसभेला प्रथमच वनाचा दावेदार केले, आणि २०१३च्या नियमगिरी निकालाने ते बळ दाखवून दिले. पण २०२२च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यांकडे ढकलली. पुन्हा तेच ‘नंतर’.

*

मणिबेलीला मी केवडियाच्या बाजूने गेले होते, उन्हाळ्यात, पाणी उतरलेले असताना. बोटीतून मागे वळून पाहिले की भिंत दिसत राहते. काठाला गाळाचा करडा पट्टा होता आणि त्यात काही सागाचे खुंट उभे होते, काळे पडलेले, फांद्या नसलेले. होडीवाला चाळिशीचा असावा. त्याचे निम्मे भाऊबंद गुजरातेतल्या परवेट्याला गेले, तो वरच्या डोंगरावर घर सरकवून राहिला. माझ्या पिशवीत मंजुरीपत्राची छायाप्रत होती. ताई, त्या कागदात काय आहे, असे त्याने विचारले.

मी सांगितले. जंगलातली झाडे, जनावरे मोजून मग ठरवायचे होते, असे लिहिले आहे. आणि भिंत चढेल तसतशी मोजणी चालेल असेही. त्याने वल्हे थांबवले. मोजायला कोण आले होते, असे त्याने विचारले. मी म्हटले, त्या वर्षांत इथे कोणी पाहणीला येऊन गेले असेल. त्याने थोडा विचार केला आणि सांगितले की तो तेव्हा लहान होता. सर्व्हेवाले येत, पण ते दगडांवर रंगाने आकडे लिहीत. पाणी कुठवर येणार त्याचे. ते आकडे कुठे होते ते दाखवतो म्हणाला, आणि होडी काठाला समांतर घेतली. दोन ठिकाणी त्याने बोट केले. तिथे आता पाणीच होते.